हल्लीच्या कादंबऱ्यांतल्या म्हाताऱ्या

आधीच सांगून टाकते, मला कादंबऱ्यांतलं कळतं. स्वतःच्याच तोंडाने सांगते आहे, कारण दुसरं कोणी सांगेल म्हणून वाट बघत बसायचं माझं वय राहिलेलं नाही. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये उभी हयात काढली. दोन कॉलच्या मध्ये मांडीवर कादंबरी. साहेब आला की मांडीवरून ड्रॉवरमध्ये, साहेब गेला की ड्रॉवरमधून मांडीवर. असं वाचून वाचून मला एवढं कळलं की निम्म्या कादंबऱ्या लांबतात त्या माणसं एकमेकांना फोन करत नाहीत म्हणून.

आमच्या वाचनालयात वर्ष संपता संपता एका दुपारी त्या वर्षीच्या गाजलेल्या कादंबऱ्यांवर भाषण असतं आणि ते भाषण मी करते. ग्रंथपाल बाई खुर्च्या मांडून घेतात, मंडळी जमतात, मी कोणाची गय करत नाही आणि सगळे खूश होऊन घरी जातात. मला सांगा, निवृत्त बाईला याहून जास्त काय हवं असतं?

पण डोळ्यांनी दगा दिला. पडदा झिजलाय म्हणे. कडेकडेचं दिसतं, मधलं जातं. म्हणजे समोरचा माणूस दिसतो पण त्याचं तोंड दिसत नाही. काही माणसांच्या बाबतीत ही सोयच आहे. पुस्तकाचं पान मात्र सगळं मधलंच असतं. लेकीने फोनवर ऐकायची पुस्तकं लावून दिली. त्यातली बाई प्रत्येक वाक्य अशी लाडालाडाने म्हणायची की मी अजून पाळण्यात आहे असं वाटावं. मी तो फोन उशीखाली दाबून टाकला.

वाचनालयात मी याची वाच्यता केली नाही. कारण सांगते. आमच्याकडे एक गृहस्थ होते, सगळे त्यांना रेडिओकाका म्हणायचे, इतके बोलायचे. त्यांचे कान गेले. तेव्हा सगळ्यांनी त्यांना फार प्रेमाने पुढच्या रांगेत, पंख्याखाली, पाठीला उशी देऊन बसवलं. उशी मिळाली आणि मत विचारणं बंद झालं. मला ती उशी नको होती. बोलणाऱ्यांतून उठवून एकदा बघणाऱ्यांत बसवलं की माणूस संपला, असं माझं स्पष्ट मत आहे. म्हणून मी वाचनालयात जायची ती काखेत कादंबरी मारून, आणि कोणी बघतंय असं वाटलं की एखादं पान उलटायची.

आता वाचून कोण दाखवणार? लेक संध्याकाळचे वर्ग घेते. घरी येऊन पुस्तक उघडलं की दुसऱ्या पानावर ती घोरते. राहता राहिले जावई. हे लिफ्ट दुरुस्त करतात. गृहस्थ सज्जन आहेत, पण बोलणं म्हणाल तर तोंडात गुळणी धरल्यासारखं. लग्न ठरलं तेव्हाच मी लेकीला म्हटलं होतं, अगं, याच्याशी भांडायचं तरी कसं? पाठीमागे मी त्यांना मौनीबाबा म्हणते. कधीकधी समोरही म्हणते.

तर मौनीबाबा कामावरून आले की हात धुऊन, चहा घेऊन माझ्या खोलीत येऊन बसायचे आणि वाचायचे. वाचायचे कसे, तर लिफ्टमधली सूचना वाचावी तसे. प्रेम असो, खून असो, आकाश कोसळो, आवाज तोच. मी कपाळाला हात लावायची. पण भीक मागणाऱ्याने भाकरीचा आकार बघू नये, म्हणून गप्प बसायची. गप्प म्हणजे वाचनापुरती. प्रकरण संपलं की मी माझं मत सांगायची, ते ऐकून घ्यायचे, मधेच एखादं 'हं' टाकायचे, आणि त्या एका 'हं'वरून माझा तासभर वाद चालायचा.

आणि काय सांगू, यंदाच्या कादंबऱ्यांनी मला चकित केलं. खुनाची जी सगळ्यांच्या हातात होती, तिच्यात तपास करणारा अधिकारी नेहमीसारखाच: दाढी वाढलेली, बायको सोडून गेलेली, रात्रभर जागतो आणि सकाळी कामावर येऊन दुसऱ्यांवर ओरडतो. असल्या माणसाला मी सायकलचोर शोधायला पाठवणार नाही. पण त्यात समोरच्या इमारतीतली एक म्हातारी होती. तिने खिडकीतून सगळं बघितलेलं. ती कोर्टात उभी राहते आणि वकिलाला असा घाम फोडते की मी खाटेवर उठून बसले. प्रेमाची घ्या. दोघं तरुण, देखणी, आणि अक्कल दोघांत मिळून एकाला पुरेल एवढी. गैरसमज असा की एक फोन केला तर मिटेल. पण नायिकेची आत्या काय बाई आहे. स्वतःची बेकरी, पहाटे उठून पीठ मळते, भाचीला पगारावर ठेवते आणि उशीर झाला तर पगार कापते.

भुताची कादंबरी तर मला सर्वांत आवडली, कारण तिच्यात भूतच नव्हतं. माळ्यावर आवाज येतात, घरातले घाबरतात, आणि शेवटी कळतं की वर राहणारी आजी जिवंत आहे, फक्त चिडकी आहे. भुताची म्हणून खपवायची आणि भूत आणायचंच नाही, याला छाती लागते. अंतराळातली मला कळेल का अशी धास्ती होती. यानातली हवा संपत येते आणि सगळे रडत बसतात. तेव्हा यानावरची म्हातारी डॉक्टरीण म्हणते, रडणं थांबवा आणि तो पंप उघडा. मग पट्टा कसा बदलला, वंगण कुठे दिलं, ब्रेक कसा तपासला, याचं दोन दिवस वर्णन चाललं. मी म्हटलं, या लेखकाने यंत्रांचा अभ्यास दांडगा केलाय हो. जावई म्हणाले, "हं."

आणि ती जाडजूड, तीन पिढ्यांची, जिच्यासाठी वाचनालयात रांग लागली होती. तिच्यातली आजी तर माझ्या गळ्यातला ताईत झाली. सगळं घर तिच्या शब्दावर हलतं, नातसुनेला ती गाडी चालवायला शिकवते आणि गाडी भिंतीवर घातली तरी ओरडत नाही.

यावरून माझा एक सिद्धांत तयार झाला. सिद्धांत असा, की हल्लीच्या कादंबरीला शेवटी म्हाताऱ्या बाईची किंमत कळली. खुनाची घ्या, प्रेमाची घ्या, यानाची घ्या, म्हातारी मरत नाही. पूर्वी कसं, नायकाला रडायला कारण हवं म्हणून पहिल्या शंभर पानांत एक आजी खपवायची, अशी रीतच होती. ती रीत गेली. हे कोणाच्याच लक्षात आलेलं नव्हतं. माझ्या आलं, आणि तेही डोळे नसताना. मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की मी भाषणासाठी नवीन साडीला फॉल लावून घेतला.

कार्यक्रमाच्या दुपारी जावईच मला घेऊन गेले आणि शेवटच्या रांगेत जाऊन बसले. खुर्च्या भरल्या होत्या. समोर बरीचशी पांढरी डोकी होती, कडेकडेने मला तेवढं दिसत होतं. मी उभी राहिले आणि सिद्धांत मांडला. अगदी रंगात येऊन मांडला. बोलता बोलता जाणवलं की हॉल शांत झालाय. मला वाटलं, भारावले.

मग दातांचे डॉक्टर उठले. आमचे हे सभासद. वाचतात भरपूर, पण तोंड उघडं ठेवायला लावून प्रश्न विचारायची सवय, त्यामुळे कोणी उत्तर दिलं की गडबडतात. ते फार नम्रपणे म्हणाले की तीन पिढ्यांच्या कादंबरीतली आजी तर शिडीवरून पडून जाते, नाही का?

मी म्हटलं, "डॉक्टर, पुस्तक वाचलंत की नुसतं चाळलंत?"

लोक हसले. पण ते हसणं मला हवं होतं तसलं नव्हतं. मागून कोणीतरी पुटपुटलं की भुताच्या कादंबरीत तर आजी हेच भूत आहे. दुसरं कोणी म्हणालं, दुसरा खून खिडकीतल्या म्हातारीचाच होतो. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढ्या सगळ्यांनी मिळून चुकीचं वाचावं म्हणजे काय? ग्रंथपाल बाईंनी घाईघाईने कपाटातून ती जाडजूड कादंबरी आणली, डॉक्टरांनी पान काढलं आणि माझ्या हातात दिलं. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. ते म्हणाले, तुम्हीच वाचा, म्हणजे माझी शंका फिटेल.

मी पान धरलं. कडेला पांढरा समास दिसत होता आणि मधे धुकं. सगळी पांढरी डोकी माझ्याकडे वळलेली. मी म्हटलं, चष्मा घरी राहिला. म्हणता म्हणता नाकावर बोट गेलं आणि चष्मा बोटाला लागला. त्या क्षणी मला पुढची रांग दिसायला लागली, पंखा दिसायला लागला आणि ती उशीसुद्धा.

बुडत्याला काडीचा आधार, म्हणून मी हाक मारली, "जावईबापू, जरा इकडे या आणि हे वाचा." माझी खात्री होती की ते वाचतील आणि डॉक्टरांचे दात त्यांच्याच घशात जातील. जावई आले. पुस्तक घेतलं. वाचेनात. मी म्हटलं, वाचा ना. ते हळूच म्हणाले की आई, घरी जाऊ या. मी म्हटलं, वाचा.

त्यांनी वाचलं. त्याच सूचनेच्या आवाजात. आजीने माळ्यावरची पेटी काढायला शिडीवर पाय ठेवला, शिडी सरकली, आवाज ऐकून सून धावत आली तोवर सगळं आटोपलं होतं.

एवढंच. तीन वाक्यं.

मला सगळं एकदम कळलं. पंपाचा पट्टा, वंगण, ब्रेक. आयुष्यभर मी नुसत्या हॅलोवरून ओळखायची की कोण खोटं बोलतंय, आणि माझ्या खोलीत बसून हा माणूस वर्षभर मला बनवत होता. कारण खोटं बोलताना माणसाचा आवाज बदलतो, आणि यांचा कधी बदलतच नाही. मी तिथून तरातरा निघाले. रागाने निघून जायलाही हात त्यांचाच धरावा लागला, ही आणखी एक फजिती.

बाहेर सायकली लावायच्या जागेजवळ एक बाक आहे. तिथे बसून मी त्यांना झाडून काढलं. म्हटलं, माझं वाचनालय गेलं, माझं बोलणं गेलं, भर सभेत माझी शोभा झाली. डोळे गेले ते वयाने गेले, पण पुस्तकं तुम्ही घेतलीत. मला काय ऐकवायचं आणि काय नाही, हे ठरवणारे तुम्ही कोण? मी मरायला टेकलेली बाई आहे, मरणाला घाबरून राहायला मी काही कुक्कुलं बाळ नाही. बरंच बोलले. ते मान खाली घालून ऐकत होते. मला वाटलं, यावरही 'हं' येतं की काय.

पण ते बोलले. म्हणाले, "आई, पहिली कादंबरी मी जशी होती तशीच वाचली होती. ती जहाजावरची, जुनी. तिच्यात म्हातारी गेली. त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत. सकाळी हिला कपाटाच्या किल्ल्या कुठे ठेवता ते दाखवलंत. आणि मग आठवडाभर कशावरच भांडला नाहीत."

हे मला आठवत होतं. त्यांच्या लक्षात असेल असं मात्र वाटलं नव्हतं.

ते सांगत गेले. मी त्यांना एका दमात इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. दुसऱ्या कादंबरीत खिडकीतली म्हातारी मरायला आली तेव्हा त्यांनी वाचता वाचता तिला कोर्टात पाठवली. मी उठून बसले, लेखकाची बाजू घेऊन त्यांच्याशी भांडले, आणि चहा पुन्हा मागितला. मग त्यांना थांबवेना. प्रत्येक पुस्तक ते आधी जेवणाच्या सुट्टीत लिफ्टच्या मोटारीशेजारी बसून वाचायचे, आमच्या वयाची कोण कुठे मरते ते बघून ठेवायचे, आणि संध्याकाळपर्यंत तिला काढायची वाट शोधायचे. अडकलेल्या लिफ्टमधून माणसं काढणं हेच त्यांचं काम. भुताच्या कादंबरीने फार त्रास दिला म्हणाले, कारण तिच्यात आजी पहिल्या पानाआधीच मेलेली होती.

मला हसू येत होतं आणि मला ते यायला नको होतं. मी म्हटलं, त्या शिडीच्या पानापासून पुढे वाचा. आहे तसं. एक अक्षर इकडचं तिकडे करायचं नाही.

पुस्तक त्यांच्या हातातच राहिलं होतं. त्यांनी ती तीन वाक्यं पुन्हा वाचली. मी म्हटलं, या लेखकाला गुडघे दुखणं माहीत नाही. सत्तरीतली बाई घरात तीन धडधाकट नातवंडं असताना शिडी कशाला चढेल? ती खालून ओरडेल. पुढे वाचा. पुढे नायक परदेशी जातो. पुढे त्याचं लग्न ठरतं. पुढे हॉटेलात भांडण. मी वाट बघत होते.

"आजीची आठवण कोण काढतं?"

त्यांनी पानं उलटली. बरीच उलटली. शेवटपर्यंत गेले असावेत, कारण पुठ्ठ्याचा आवाज आला.

"कोणीच नाही," ते म्हणाले. "सगळ्या पुस्तकांत असंच आहे. मरते, आणि मग कोणी नावच घेत नाही. मरते त्याचंही एक वेळ काही नाही, आई. पण पुढचं मला तुमच्यासमोर वाचवेना."

बोलण्यासारखं एकच होतं आणि ते मी कोणाला कधी सांगितलं नव्हतं, ते त्या बाकावर सांगून टाकलं, की मला मरायची भीती नाही, पण लोक लगेच पुढचं पान उलटतील याची वाटते. उशीचीही भीती तीच.

ते त्यांच्या त्याच सपाट आवाजात म्हणाले, "आपल्या घरात तसं होणार नाही."

हा माणूस किती सफाईने थापा मारतो हे मला नुकतंच कळलं होतं. तरीसुद्धा मी विश्वास ठेवला. थापा ते पुस्तक उघडून मारायचे, आणि पुस्तक त्या वेळी मिटलेलं होतं.

तेवढ्यात ग्रंथपाल बाई बाहेर आल्या. मंडळी अजून बसली आहेत म्हणाल्या, डॉक्टरांना फार वाईट वाटतंय, आणि तुम्ही दमला असाल तर पुढच्या खुर्चीवर जरा आरामात... मी म्हटलं, उशी काढून ठेवा, मी येते.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही. मी परत जाऊन उभी राहिले आणि सांगितलं की मला वाचता येत नाही, वर्ष झालं. जावई वाचून दाखवतात आणि ते लबाड आहेत. पहिलं पुस्तक सोडलं तर त्यांनी मला एकही म्हातारी मेलेली कळू दिली नाही. तुम्ही सगळे म्हणता ते बरोबर आहे, या पुस्तकांत आम्ही पटापट मरतो, आणि मेल्यावर आम्हाला कोणी विचारत नाही. तेव्हा माझा सिद्धांत चुकला असं तुम्हाला वाटत असेल.

"सिद्धांत चुकलेला नाही," मी म्हटलं. "पुस्तकं चुकली आहेत."

कोणी हसलं नाही. पांढऱ्या डोक्यांत थोडी चुळबुळ झाली. मी टेबल धरून उभी होते आणि कोणी मला बसा म्हणालं नाही.

मग डॉक्टर उठले. या वेळी त्यांचा आवाज वेगळा होता, एक्स्चेंजमध्ये लांबून जोडून दिलेल्या कॉलवर माणसं बोलायची तसा. ते मला नाही, माझ्या मागे उभ्या असलेल्या जावयांना विचारत होते. ती शिडीवरची आजी, तिचं तुम्ही काय केलंत? डॉक्टरांनी स्वतः ते पान दुसऱ्यांदा वाचलंच नव्हतं म्हणाले. त्यांच्या आईला जाऊन वर्षही झालेलं नव्हतं.

जावयांनी घसा साफ केला. आता हे काय बोलणार? मौनीबाबांनी पुस्तक टेबलावर ठेवलं, हात पाठीमागे बांधले आणि लिफ्टमधली सूचना वाचावी तसे म्हणाले, "आजीने शिडीवर पाय ठेवला. मग तिने पाय खाली घेतला आणि नातवाला हाक मारली."

पेटी खाली आली. पेटीत काय होतं ते ते सांगायला लागले, आणि मी खुर्ची ओढून बसले, कारण हा भाग त्यांनी मलाही अजून सांगितलेला नव्हता.